कोरड्या बुटाची तरतूद

पावसाळा तोंडावर आला म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत आपत्ती-व्यवस्थापनाची बैठक भरते, साहित्याच्या याद्या वाचल्या जातात, नावा किती, दोर किती, जीवरक्षक जाकिटे किती, विजेऱ्या किती याची खातरजमा होऊन प्रत्येक जिनसेपुढे नोंदवहीत आकडा पडतो, आणि त्या आकड्यांच्या बेरजेलाच आपण पूर्वतयारी असे भारदस्त नाव देतो. परंतु यांतील बहुतेक वस्तू पहिल्याच दिवशी भिजणार आहेत आणि भिजलेल्या त्या वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अंगावर चढवाव्या लागणार आहेत. तेव्हा मधल्या एका रात्रीत त्या वाळणार कशा, हा प्रश्न अशा बैठकीत सहसा कोणी काढीत नाही. तो काढणे हास्यास्पद वाटते हेच त्याचे कारण असावे. तथापि जो प्रश्न विचारण्याची लाज वाटते तोच पुष्कळदा अंमलबजावणीच्या मुळाशी बसलेला असतो; म्हणून तो येथे सरळ मांडतो. भिजणारे साधन जो पुरवतो त्याने ते वाळवण्याची सोयही त्याच खरेदीत आणि त्याच मंजुरीत पुरवली पाहिजे. आणि ती सोय तयार यंत्राच्या रूपाने बाहेरून विकत आणण्यापेक्षा आपल्याच तालुक्यात बांधून घेणे अधिक शहाणपणाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव शेख ख्वाजा फरीद यांच्या दर्ग्याच्या टेकडीमुळे दूरवर ठाऊक आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही या टेकडीची पायरी श्रद्धेने चढतात. समुद्र येथून शेकडो कोस दूर असल्यामुळे पाणबुड्याच्या बुटांचा आणि ते वाळवण्याच्या यंत्राचा विषय या गावाच्या संदर्भात काढणे प्रथमदर्शनी विक्षिप्तपणाचे वाटेल. पण पाण्यात उतरण्याचा प्रसंग समुद्रावरच येतो असे थोडेच आहे? या टापूत लाल नाला आणि पोथरा यांसारखे प्रकल्प आहेत, हिंगणघाटाकडे वणा नदी आहे, जिल्ह्याच्या सीमेवरून वर्धा नदी वाहते, आणि शेताशेतांतून कठडे नसलेल्या विहिरी आहेत. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ माणसे बुडाली, तेव्हा शोधाचे काम पहिल्या दिवशी संपले नाही. भिजलेली माणसे त्याच भिजलेल्या सरंजामानिशी दुसऱ्या दिवशी पुन्हा नदीत उतरली. ज्या कामाला एकच दिवस लागतो त्यात वाळवणीचा प्रश्न उद्भवत नाही. ज्याला दोन दिवस लागतात त्यात तो पहिल्या रात्रीच उभा राहतो.

आपल्याकडे बुडालेल्याचा शोध घेण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ढीवर आणि भोई समाजांतील पोहणाऱ्यांवर येऊन पडले आहे. पोलीस पाटील निरोप धाडतो, माणूस हातातले जाळे ठेवून येतो, अंगावरच्या अर्ध्या विजारीनिशी गढूळ पाण्यात बुडी मारतो, आणि पंचनाम्यावर त्याच्या श्रमाचा उल्लेख आलाच तर एका ओळीत येतो. त्याला बूटही मिळत नाहीत, मग वाळवण्याची गोष्ट दूरच राहिली. त्याच्यानंतर येते ते नागपूरचे राज्य आपत्ती प्रतिसाद दल, आणि त्याच्यापाशी मात्र निओप्रीनचे पोशाख व बूट असतात. हा बूट हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. वरून तो रबरासारखा दिसला तरी त्याचे अंग स्पंजासारखे फुगीर असते. त्या स्पंजात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे बंद झालेले असतात आणि पायाची ऊब तेच राखतात. १९५०च्या सुमारास अमेरिकेतील ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले, की पाण्यात ऊब राहण्यासाठी अंग कोरडेच असले पाहिजे असे नाही, कापडात वायू अडकवला तरी पुरते. आणि त्या एका निरीक्षणातून पाणबुड्यांचा आजचा पोशाख जन्मास आला. हे बंद बुडबुडे पाणी पीत नाहीत. पाणी साठते ते आतल्या नायलॉनच्या अस्तरात, शिवणींत, चेनपट्टीच्या घडीत आणि सर्वांत अधिक बोटांच्या टोकाशी, म्हणजे जेथे हात पोचत नाही आणि वाराही पोचत नाही अशा ठिकाणी. पोशाख उलटा करता येतो. जाड तळव्याचा बूट उलटा करता येत नाही. म्हणून बाहेरून हाताला कोरडा लागणारा बूट सकाळी पाय घालताच थंडगार चिखलाची जाणीव करून देतो.

येथे कोकण आणि विदर्भ यांच्या स्थितीतील एक विपर्यास ध्यानात घेण्यासारखा आहे. महाराष्ट्रात पाणबुड्यांच्या साधनांचे माहेरघर म्हणजे मालवण आणि तारकर्ली. तेथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडी-प्रशिक्षणाची संस्था आहे, प्रवाळ पाहावयास येणाऱ्या पर्यटकांची वर्दळ आहे, आणि साधने गोड्या पाण्यात धुऊन सावलीत टांगण्याचा शिरस्ताही आहे. परंतु तेथला हंगाम पावसाळ्याबाहेरचा. समुद्र खवळला की पर्यटनाचे पाण्यातले व्यवहार थांबतात, साधने कोठीत जातात, आणि हंगामात ती भिजतात तेव्हा त्यांच्यासाठी ऊन असते, वारा असतो, वेळ असतो. वर्ध्यात याच्या नेमके उलट घडते. येथे उन्हाळ्यात बहुतेक नद्यांना पाणी बेताचेच असते, आणि साधनांची गरज लागते ती आषाढ-श्रावण-भाद्रपदांत, आठ-आठ दिवसांची झड लागलेली असताना, ज्या वेळी ओसरीवरच्या दोरीला टाकलेले धोतरसुद्धा दोन दिवसांत वाळत नाही. वाळवण्याच्या यंत्राची खरी निकड, म्हणून, तारकर्लीहून गिरडला अधिक आहे. पण यंत्राचा विचार समुद्रकिनाऱ्यावर होतो आणि टेकडीखालच्या गावाला तो सुचत नाही.

वाळत का नाही, याचे उत्तर हवेच्या स्वभावात आहे. २५ अंश सेल्सिअस तपमानाच्या एक घनमीटर हवेत फार तर २३ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. झडीच्या दिवसांत तिच्यात २०-२१ ग्रॅम आधीच भरलेली असते, म्हणजे बुटातील पाण्यासाठी जागा उरते ती दोन-अडीच ग्रॅमांची, आणि बाष्पीभवन होऊ लागताच हवा स्वतः थंडावत असल्याने प्रत्यक्षात तीही पुरी वापरता येत नाही. तीच हवा ४० अंशांपर्यंत तापवली तर तिची धारणाशक्ती ५१ ग्रॅमांपर्यंत वाढते, आणि नव्वद टक्के ओली असलेली ती हवा पाण्याचा एक थेंबही न गमावता चाळीस टक्क्यांच्या आसपास ओली ठरते. तेव्हा सोपे मार्ग दोनच. एक तर थोडी हवा घ्यावी आणि ती उबदार करावी, नाही तर हवा आहे तशीच ठेवून ती अतोनात प्रमाणात खेळवावी. पहिल्यात इंधन लागते, दुसऱ्यात वेळ लागतो, आणि शहाणा कारागीर दोहोंची सांगड घालतो. मात्र दोन्ही मार्गांत हवा बुटाच्या टोकापर्यंत पोचली पाहिजे आणि ओली झालेली हवा खोलीबाहेर गेली पाहिजे. या दोन अटी विसरून कितीही पंखे फिरवले तरी ओल तेथल्या तेथे फिरत राहते.

विदर्भाला या शास्त्राचा धडा कोणी नव्याने द्यावयास नको. घरोघरीच्या कूलरने तो केव्हाच दिलेला आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना कूलरच्या ताट्यांवरून पाणी झिरपते, कोरडीठाक हवा ते पाणी हावरेपणाने पिते, पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता हवेतूनच काढून घेतली जाते, आणि खोली गार होते. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडला, की तोच कूलर खोलीत चिकचिक निर्माण करू लागतो, कारण हवेची तहान आधीच भागलेली असते; मग त्याचा पंप काढतात, टाकी उपडी करतात, आणि तो छपरीत नाही तर गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडतो. ज्या कारणाने कूलर निकामी झाला त्याच कारणाने बूट वाळेनासा झाला आहे, हे जर मान्य असेल, तर निकामी झालेला कूलर आणि न वाळणारा बूट एकाच घरात, एकाच महिन्यात, शेजारी शेजारी पडून असावेत, ही आपल्या कल्पकतेच्या दिवाळखोरीची साक्ष आहे. त्या पत्र्याच्या पेटीत मोटार आहे, पाती आहेत, वारा आहे. अभाव आहे तो फक्त त्या वाऱ्याला बुटाच्या टोकापर्यंत नेणाऱ्या वाटेचा.

बुडणाऱ्याला शोधणारे थोडे. ओल्या बुटाने गांजलेले मात्र अगणित आहेत. पऱ्हाटीत डवरणी करणारा, सोयाबीनमध्ये निंदण करणारी, झडीत खांबावर चढणारा वायरमन, नाल्या उपसणारा सफाई कामगार, रात्रीच्या गस्तीवरचा शिपाई, वाघाच्या मागावर ओल्या जंगलात फिरणारा वनरक्षक, या सर्वांच्या पायांत निओप्रीन नसले तरी गमबूट असतो, किंवा असावा अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा बिनबुडाची नाही. सर्पदंश पावसाळ्यातच बळावतात आणि त्यांतील बहुसंख्य पायांवर होतात. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर प्राणास मुकले, तेव्हापासून हातमोजे, मुखपट्टी, चष्मा आणि बूट यांच्या संचाचे महत्त्व सरकारी पत्रकांतून वारंवार सांगण्यात येते. पत्रक चुकीचे नाही. पण ते आदल्या संध्याकाळी संपते. गमबुटाच्या आत घाम आणि पाऊस मिळून जी ओल साठते ती रात्रभर तेथेच मुरते, सकाळी आत बुरशीचा दर्प येतो, आणि घरचा धनी ‘बूट ओला हाये, तसाच जातो’ असे म्हणून अनवाणी शेताची वाट धरतो. सापाच्या भयाहून ओल्या बुटाचा कंटाळा त्या क्षणी मोठा ठरतो. आपण या वर्तनाला निष्काळजीपणा म्हणून मोकळे होतो; वस्तुतः माणसाने एक असह्य वस्तू नाकारलेली असते.

ओला बूट नाकारण्यास वैद्यकशास्त्राचीही संमती आहे. बोटांच्या बेचक्यांत पांढरी पडलेली, सोललेली, खाजणारी कातडी आपल्याकडे चिखल्या या नावाने सर्वांस परिचित आहे. ओल आणि बुरशी यांच्या संगनमताने ती होते, आणि एकदा बूट कायमचा दमट राहू लागला की औषध लावूनही ती पुनः पुनः उद्भवते. पहिल्या महायुद्धात खंदकांतील चिखलात दिवसचे दिवस उभ्या राहिलेल्या हजारो सैनिकांचे पाय केवळ ओलीने निकामी झाले, तेव्हा सेनापतींना पायमोजे बदलण्याचे आणि पाय कोरडे करण्याचे हुकूम काढावे लागले. फुटलेल्या कातडीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात, हे २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईने अनुभवले आहे. मधुमेही माणसाच्या पायाला झालेली साधी चीर कोठवर जाते हे तर प्रत्येक गावाला आता ठाऊक झाले आहे. एवढा सगळा दवाखान्याचा खर्च ज्या ओलीतून निघतो ती ओल रात्रीतून काढून टाकण्यास जेमतेम एका पंख्याची गरज असते.

लोक बूट वाळवीत नाहीत असे नाही; ते चुकीच्या रीतीने वाळवतात, कारण बरोबर रीत त्यांना कोणी उपलब्ध करून दिलेली नाही. चुलीच्या जाळाशी ठेवलेल्या बुटाचा तळवा सुटतो आणि रबर आक्रसते. निओप्रीनचे सांधे डिंकाने जोडलेले असतात, तीव्र उष्णतेने तो डिंक मऊ होतो, आणि पुढच्या बुडीत सांधा उकलतो. कधी नव्हे ते कडक ऊन पडले आणि बूट दिवसभर त्यात टाकला, तर किरणांनी त्याचे कातडे कडक होऊन चिरा पडतात. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबण्याचा उपाय निर्दोष आणि स्वस्त आहे, पण ते बोळे दर तासाला बदलावे लागतात, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाकडून रात्रभर जागे राहून बोळे बदलण्याची अपेक्षा करणे हा एक प्रकारचा जुलूम आहे.

तेव्हा यंत्र हवे. पण विकत घ्यावे की बांधावे? बाजारात बूट वाळवण्याची तयार उपकरणे मिळतात. दोन उभ्या नळ्या, तळाशी लहानसा पंखा आणि मंद तापणारी तार, एवढाच त्यांचा पसारा असतो. ज्याला एकच जोडी वाळवावयाची आहे, ज्याच्या घरी वीज भरवशाची आहे, आणि जो काही हजार रुपये सहज खर्चू शकतो, त्याने ते खुशाल विकत घ्यावे; त्यात वेळ वाचतो आणि हमीपत्रही मिळते. फिरत्या बचाव पथकालाही हलके तयार उपकरण सोयीचे पडेल. पण ग्रामपंचायतीला, पोलीस ठाण्याला किंवा वनविभागाच्या चौकीला एकाच रात्री दहा-वीस जोड्या, चार जाकिटे आणि शंभर हात दोर वाळवावयाचा असतो. त्या प्रमाणावर तयार यंत्र महाग पडते, आणि ते बिघडले म्हणजे त्याचा सुटा भाग हिंगणघाटच्या बाजारात मिळत नाही. मग ते यंत्र मृत साठ्याच्या नोंदवहीत एक क्रमांक होऊन उरते.

बांधावयाच्या यंत्राचे स्वरूप फार गहन नाही. तळाशी लोखंडी पत्र्याची एक बंद पेटी करावी. एका बाजूने तिच्यात पंखा हवा लोटील. वरच्या पत्र्यातून दीड-दोन इंच व्यासाच्या पाण्याच्या प्लास्टिक नळ्या उभ्या काढाव्यात. नळीचे वरचे टोक तिरके कापावे, नाही तर बुटाचा तळवा त्यावर टेकून वाट बंद होते. बूट उपडा करून त्या नळीवर चढवला की आतले पाणी प्रथम आपल्या वजनाने खाली ठिबकते आणि हवा थेट बोटांच्या टोकाशी पोचून अस्तरावरून परत फिरते. ठिबकणारे पाणी वाहून जावे म्हणून पेटीच्या माथ्याला उतार ठेवावा. कूलरचा पंखा वारा पुष्कळ देतो, पण त्याचा जोर बेताचा असतो; म्हणून नळ्या रुंद आणि आखूड हव्यात, आणि लांब, अरुंद नळ्या घालावयाच्या असतील तर लोहाराच्या भात्याला लावतात तसला ब्लोअर घ्यावा. वर आडवे गज टाकून जाकिटे व पोशाख टांगावेत आणि कपाटाच्या माथ्यावरून ओली हवा भिंतीतील भोकावाटे बाहेर काढावी. ऊब द्यावयाची झाल्यास हवा ४० अंशांच्या वर जाऊ नये म्हणून आपोआप बंद होणारी कळ बसवलीच पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे, ओल्या कूलरच्या पत्र्याला हात लागून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भ दर उन्हाळ्यात वाचतो. तेव्हा अर्थिंग, गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, आणि पाण्यापासून दूर भिंतीवर बसवलेले बटण यांत काटकसर करणाऱ्याला या कामाला हात लावू देऊ नये.

खर्चाचा हिशेब लोकांना वाटतो त्याहून सौम्य आहे. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे पाऊण युनिटाहून थोडी कमी वीज लागते. एका जोडीत पाव लिटर पाणी अडकले आहे असे धरले तरी दहा जोड्यांना दोन युनिटांच्या आतच पुरते, आणि यंत्राची सगळी उधळपट्टी जमेस धरून हा आकडा चौपट केला तरी तो एका रात्रीचा, एका अख्ख्या चमूचा खर्च आहे. बूट आधी साबणाच्या पाण्याने धुऊन मगच चढवावेत, कारण पुराच्या पाण्यातील घाण वाळवल्याने नाहीशी होत नाही. झडीत वीजच जाते हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी बॅटरीवर चालणारा लहान पंखा जोडीला ठेवावा. ऊब नसली तरी वारा वाहता राहिला म्हणजे सकाळपर्यंत निम्मेअधिक काम होते.

हवा वाळवण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि योगायोग असा की त्याचे मूळद्रव्य गिरडच्याच टेकडीवर विखुरलेले आहे. दंतकथा सांगते, की फरीदबाबांची थट्टा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांचा माल शाप लागून दगड झाला, आणि टेकडीवरचे ते गोल गोटे म्हणजे तोच माल होय. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियराने याच गोट्यांची नोंद झिओलाइटयुक्त खडे म्हणून केली आहे. झिओलाइट या खनिजाच्या अंगात सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांत पाणी शोषले जाते, आणि तापवले की ते वाफ होऊन निघून जाते. १७५६ साली क्रोन्स्टेड या स्वीडिश शास्त्रज्ञाने हा गुण टिपला. आज कारखान्यांत बनवलेले झिओलाइट वायू कोरडे करण्यास वापरतात आणि काही विलायती भांडी-धुण्याच्या यंत्रांतही ते घातलेले असते. पण येथे श्रद्धेचाही मान राखावा आणि शास्त्राचाही. टेकडीवरचे गोटे उचलून बुटात घालण्यात अर्थ नाही. ते तसे उपयोगी पडणारे नव्हेत, आणि शोषलेले पाणी पुन्हा बाहेर काढण्यास दोनशे अंशांहून अधिक उष्णतेची भट्टी लागते. गावाच्या प्रमाणावर पंखा आणि मंद ऊब हाच मार्ग किफायतीचा आहे. जे दुरून थोर वाटते ते जवळच्या गरजेला योग्य असतेच असे नाही, एवढा विवेक यंत्र निवडताना बाळगावा.

हा विवेक वर्धा जिल्ह्याला परका नसावा. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यातच स्थापन झाला, त्याचे चिटणीस अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी तेथल्या मगनवाडीत चुलीपासून दिव्यापर्यंत लहानसहान साधनांची चिकित्सा केली, १९३८च्या अखेरीस मगन संग्रहालय उघडले गेले, आणि आजही महात्मा गांधींच्या नावाची ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था त्याच गावात आहे. यंत्र गावाच्या आवाक्यात असावे, गावच्या सुताराला आणि लोहाराला ते उघडून पाहता यावे, हा त्या परंपरेचा आग्रह पुष्कळांना भाबडा वाटला. पण वाळवणीच्या कपाटासारख्या वस्तूला तो अक्षरशः लागू पडतो. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील जोडारी आणि वीजतंत्री शाखांच्या विद्यार्थ्यांना असे एक कपाट प्रात्यक्षिक म्हणून बनवू द्यावे, मगनवाडीच्या वारसदारांनी त्याचा नमुना तपासून द्यावा, आणि जिल्हा परिषदेने तो नमुना गावोगाव वाटावा. यात अशक्य असे काय आहे?

अडचण आहे ती दफ्तराची. तयार वस्तू विकत घेतली की देयक येते, हमीपत्र येते, लेखापरीक्षकाचे समाधान होते. बांधून घेतलेल्या वस्तूला नेमके खर्चशीर्ष सापडत नाही, आणि देखभालीची बाब तर अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापली जाते. त्यामुळे साधन घेताना आपली तिजोरी मोकळी असते आणि ते राखताना तिला अचानक काटकसर सुचते. या शिरस्त्याला छेद द्यावयाचा तर नियम साधा हवा: बूट, पोशाख, जाकीट, दोर अशा भिजणाऱ्या जिनसांच्या प्रत्येक खरेदीत वाळवणी व साठवणी हे कलम अनिवार्य करावे, त्याशिवाय मंजुरी देऊ नये, आणि यंत्र कोणाच्या ताब्यात राहील त्याचे नाव, मग तो कोतवाल असो वा ठाण्याचा हवालदार, हुकुमातच नमूद करावे. ज्याचे नाव नसते त्या यंत्राला सर्व धनी असतात आणि कोणीच राखणदार नसतो.

ज्या गावांना धड रस्ता नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, तेथे बूट वाळवण्याच्या कपाटाची चैन कशाला, असे कोणी विचारील. रस्ता आणि डॉक्टर यांची मागणी मागे घ्या असे येथे कोणी म्हटलेले नाही. पण मोठे काम व्हावयाचे आहे म्हणून लहान काम अडवून धरण्याची सवय आपल्याला फार महाग पडली आहे. शिवाय हे काम ज्यांच्यासाठी आहे ती माणसे चैनीची नाहीत. पुरात दोर धरणारा, खांबावर चढणारा, नाली उपसणारा, फवारा मारणारा, यांच्या पायांवर तर गावाची पावसाळ्यातील सारी व्यवस्था उभी असते. आणि ढीवर-भोई समाजांतील जे पोहणारे आजवर केवळ निरोपावर धावत आले, त्यांची नावे बचाव पथकाच्या यादीत घालून त्यांना पोशाख, बूट व मानधन देणे हे या मागणीचे पहिले पाऊल असले पाहिजे. ज्याला साधनच दिले नाही त्याचे साधन वाळवण्याची चर्चा करणे ढोंगीपणाचे ठरेल.

म्हणून पुढच्या मे महिन्यात जिल्ह्याची बैठक भरेल तेव्हा साहित्याच्या यादीत प्रत्येक जिनसेपुढे आणखी एक रकाना आखावा आणि त्यात, ही वस्तू भिजल्यावर कोठे, किती तासांत आणि कोणाच्या हातून वाळेल, ते लिहून घ्यावे. ज्या जिनसेपुढचा तो रकाना कोरा राहील ती जिन्नस तयार आहे असे कोणी समजू नये. गिरडच्या ग्रामपंचायतीने किंवा पोलीस ठाण्याने असे पहिले कपाट उभारून एका पावसाळ्याचा अनुभव कागदावर मांडला, तर बाकीच्या तालुक्यांना सबब सांगण्यास जागा राहणार नाही.